गुडघ्यावरची आडवी रेघ

त्या दिवशी नर आला होता. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर दर महिन्याला पोह्यांच्या परातीभोवती बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो त्या मित्रांना तर नाहीच. नर म्हणजे रानटी टर्कीचा नर. ओहायोच्या आग्नेयेकडच्या टेकड्यांमधलं रान, मे महिना, शिकारीचा हंगाम सरत आलेला. तो आला, उभा राहिला, पुढेसुद्धा सरकला. मी तो डोळ्यांनी पाहिला. आणि ज्या माणसाने त्याला हाक मारून बोलावलं होतं, ज्याला तो आलाय हे कळणं जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं, त्याला मी सांगितलं की काही नाही, कुणी आलेलं नाही.

हा माणूस म्हणजे आमचे समोरचे शेजारी. आम्ही तेव्हा ओहायोतल्याच डब्लिनमध्ये राहायचो. मी एका विमा कंपनीच्या आयटीत होतो, घर नुकतंच घेतलं होतं, ग्रीन कार्डाचं घोंगडं भिजत पडलं होतं. समोरच्या घरात सत्तरी ओलांडलेला एक एकटा म्हातारा. बायको वारलेली, मुलगी अ‍ॅरिझोनात. आयुष्यभर कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर काम केलेलं. ते यंत्र उजव्या हाताला असायचं, म्हणून उजवा कान पार गेलेला आणि डावा जाण्याच्या वाटेवर.

आमच्या मुलीने त्यांना पहिल्याच आठवड्यात "काका" करून टाकलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ती लॉनवरून ओरडायची, "काका! काका!" एके दिवशी रस्ता ओलांडून ते माझ्याकडे आले आणि गंभीरपणे विचारलं, "तुझी मुलगी मला बघून कावळ्यासारखी का ओरडते?"

मी हसत हसत अर्थ सांगितला. ते म्हणाले, "मग ठीक आहे. टर्कीच्या शिकारीत कावळ्याला मान असतो." आणि तोंडाशी हात धरून त्यांनी असा काही कावळा काढला की आमच्या मॅपलवरचे खरे कावळे उडाले. नर टर्कीला कावळ्याचा आवाज सहन होत नाही म्हणे. सकाळी कावळा ओरडला की तो झाडावरून चिडून ओरडतो आणि कुठे झोपला होता ते शिकाऱ्याला कळतं. तेव्हापासून मुलगी "काका" म्हणाली की समोरच्या पोर्चमधून "का! का!" असं उत्तर यायचं. मीही त्यांना काकाच म्हणू लागलो. ते मला इंजिनिअर म्हणायचे.

ते टर्कीची शिकार करायचे, दरवर्षी, वसंतात, बायकोच्या माहेरच्या रानात. मी त्याला सासुरवाडीचं रान म्हणायचो आणि तो शब्द त्यांना समजावून सांगितल्यावर ते खूष झाले होते. "तुमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे? मग बरोबर. तिथे जाताना बूट पुसून जावं लागायचं."

त्यांचे शिकारीचे सोबती एकेक करून संपले होते. एक वारला, एकाचे गुडघे गेले, एक फ्लोरिडाला गेला. दोन हजार चारच्या वसंतात एका संध्याकाळी ते गॅरेजमधून हाक मारून म्हणाले, "इंजिनिअर, तुझे कान कसे आहेत?"

मी म्हणालो, "चांगले आहेत."

"मग शनिवारी माझ्याबरोबर चल. बंदूक माझी, कान तुझे."

बायकोला सांगितलं तर ती कणीक मळता मळता थांबली. "म्हणजे तू पहाटे उठून, दोन तास ड्राइव्ह करून, जंगलात जाऊन नुसता बसणार? बंदूकही नाही? लोक निदान गोल्फ तरी खेळतात, यार."

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने टर्की म्हणजे तुर्कस्तान असं ऐकलं. मग पक्षी आहे हे कळल्यावर म्हणाली, "तू मारत नाहीस ना?" नाही म्हटलं. ते खरंच होतं. मी ती बंदूक कधी हातातसुद्धा धरली नाही.

काम साधं होतं. एखाद्या जाड बुंध्याला पाठ लावून दोघांनी बसायचं. मी त्यांच्या डावीकडे, खांद्याला खांदा लावून. अंगभर पानांच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. कानातलं मशीन ते काढून खिशात ठेवायचे, कारण टोपी आणि जाळीखाली ते शिट्ट्या मारायचं. मग त्यांच्याशी बोलायचा मार्गच उरायचा नाही. कुजबुजून त्यांना ऐकू येणार नाही आणि मोठ्याने बोललं तर अख्खं रान पळणार. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली होती. माझा उजवा हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर. काही ऐकू आलं की बोट एकदा दाबायचं, आणि ज्या बाजूने आलं त्या बाजूला सरकवायचं. नर दिसला तर तळहात सपाट ठेवायचा, म्हणजे हलू नका. त्यांना विचारायचं असेल तर ते मांडीवरचा हात उलटा करून तळवा वर धरायचे, म्हणजे काय रे? आणि काहीच नसेल तर मी बोटाने गुडघ्यावर एक आडवी रेघ ओढायची.

बोलावण्याचं काम त्यांचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक वस्तू होती, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. तळहाताएवढी गोल पाटी. चक्क पाटी, आपल्या शाळेत असायची त्याच काळ्या दगडाची, लाकडी वाटीत बसवलेली, आणि ती घासायला लाकडाची एक काडी. काडी पाटीवर एका विशिष्ट तिरकसपणे ओढली की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. आमच्या वर्गात पेन्सिल करकरवणाऱ्या मुलाला बाई बाकावर उभं करायच्या. इथे त्याच करकरीला पक्षी भुलत होता.

काकांचा तो आवाज फार सुंदर होता. मी तज्ज्ञ नाही, पण खरी मादी ओरडलेली मी त्या रानात अनेकदा ऐकली आणि मला दोन्हींत फरक सापडला नाही. अडचण अशी की त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता. बारीक, चढे आवाज त्यांच्या कानातून आधी गेले होते. ते बोटांच्या अंदाजाने वाजवायचे. वाजवून झालं की तळवा वर. कसं होतं? मी गुडघा अख्ख्या पंजाने दाबायचो. छान. पण तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा परत येताना ते म्हणाले, "तू चांगला माणूस आहेस, इंजिनिअर, तू छानच म्हणणार. नर खोटं बोलत नाही. तो येतो किंवा येत नाही."

पहिल्या वर्षी आला नाही. दुसऱ्या वर्षी लांबून ओरडला, मी बोट दाबलं, सरकवलं, त्यांनी बंदूक वळवली, आणि मग शेजारच्या रानातून कुणाची तरी गोळी वाजली आणि सगळं शांत झालं. काका त्यावरही हसले. "शेजारी आधी जेवला," म्हणाले.

ते नेहमी हंगामाच्या शेवटी जायचे. त्यांच्या मते एप्रिलमध्ये जाणं हे हौशी लोकांचं काम. तेव्हा रान उघडं असतं, पानं फुटलेली नसतात, नर दिवसभर बोंबलत असतात. मेमध्ये रान मिटतं. दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, डास असतात, घरी आल्यावर मांड्यांवरून गोचिडी शोधाव्या लागतात. माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात आणि नर एकटे पडलेले असतात. पण तोवर ते शहाणेही झालेले असतात. ओरडत नाहीत. हाक ऐकली की गुपचूप चालत येतात आणि झाडाआडून बघतात, बाई खरी आहे की नाही. "मेमधल्या नराला फसवलंस, तर तुला वाजवता येतं," काका म्हणायचे.

आता माझं सांगतो. ते सांगायला मला जास्त जड जातंय.

मी बोलणारा माणूस नाही. लहानपणापासून नाही. घरी मला घुम्या म्हणायचे. इथे आल्यावर ते आणखी वाढलं. ऑफिसमध्ये कॉन्फरन्स कॉलवर मी एक वाक्य बोललो की पलीकडून "सॉरी?" यायचं, मग तेच वाक्य पुन्हा, मग पुन्हा, आणि चौथ्यांदा मलाच त्याचा अर्थ लागायचा नाही. घरी बायको बोलायची, मी हं म्हणायचो. तिने एकदा मुलीसमोर म्हटलं होतं, "तुझ्या बाबांशी बोलणं म्हणजे व्हॉइसमेल ठेवणं." ते चूक नव्हतं.

काकांच्या ट्रकमध्ये मी त्यांच्या उजवीकडे बसायचो, म्हणजे त्यांच्या मेलेल्या कानाच्या बाजूला. रानाकडे जायचा रस्ता लांब होता आणि पहाटेचा अंधार. पहिल्याच वर्षी केव्हातरी मी बोलू लागलो. मराठीत. समोर रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात. ऑफिसात नवा मॅनेजर माझ्या मागून आलेल्या मुलाला करणार होते, ते सांगितलं. बायकोचं आणि माझं गेले कित्येक महिने काय चाललंय ते सांगितलं. भारतात धाकट्या भावाशी मी ज्या रीतीने वागलो, ज्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही, तेही सांगितलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी समजणार नव्हतं. ते शांतपणे गाडी चालवायचे, मध्येच थर्मासमधली कॉफी पुढे करायचे. उतरताना माझी छाती हलकी झालेली असायची. मग रानात त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा लावून दोन-तीन तास गप्प बसायचं. मला आठवत नाही, त्याआधी कुठला मोठा पुरुष असा माझ्या अंगाला अंग लावून बसला असेल.

मित्र चिडवायचे. "आला आमचा शिकारी! किती टर्क्या मारल्या?" एकही नाही म्हटलं की, "अरे, हा गेला की टर्क्याच वाचतात. देवमाणूस आहे." मी हसायचो. पण वर्षातल्या त्या चार-पाच सकाळींची मी इतर सगळे महिने वाट बघायचो, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

दोन हजार सहाच्या मेमध्ये, शेवटच्या शनिवारी जाताना, काकांनी ट्रकमध्येच विषय काढला. म्हणाले, मुलगी मागे लागली आहे. एकटे राहू नका, इकडे या, खोली तयार आहे. "मी तिला सांगितलंय, येईन. पण त्याआधी एक नर माझ्या हाकेला आला पाहिजे. मारायला मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी चालेल. नुसता आला पाहिजे. म्हणजे मला कळेल की हात अजून शाबूत आहे. मग मी आनंदाने जाईन, वाळवंटात बसून कॅक्टसला पाणी घालीन."

"आणि नाही आला तर?" मी त्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारलं.

"तर पुढच्या वर्षी परत बघू." आणि हसले.

मी त्या सकाळी मराठीत काही बोललो नाही. ते वाक्य डोक्यात बसलं होतं. आला तर जातील, नाही आला तर पुढच्या वर्षी परत.

आम्ही एका जुन्या लाकूडतोडीच्या वाटेजवळ बसलो. वाट उजवीकडे होती, काकांची बंदूक तिकडे रोखलेली, कारण नर चालून येतो तो मोकळ्या वाटेने येतो असा त्यांचा हिशेब. रान गच्च हिरवं झालं होतं. उंच ट्यूलिपच्या झाडांची पिवळी-केशरी फुलं गळून खाली पडली होती. काकांनी पाटी काढली, काच-कागदाने हलकी घासली, आणि काडी ओढली. चार-पाच हाका, मग एक छोटीशी पुटपुट, जशी मादी स्वतःशीच बोलते. तळवा वर. मी पंजाने गुडघा दाबला. छान. खरंच छान होतं.

मग बराच वेळ काही नाही. सूर्य वर आला. डास जाळीवर बसून आत कसं यावं याचा विचार करत होते. ओहायोत तेव्हा शिकार दुपारी बारापर्यंतच करता यायची आणि बाराला फार वेळ उरला नव्हता, इतकं आठवतं.

आधी तो मला ऐकू आला. ऐकू आला म्हणणंही बरोबर नाही. शेजारच्या खोलीत फ्रिज सुरू व्हावा तसं काहीतरी बरगड्यांना जाणवलं. नर पिसारा फुलवून चालतो तेव्हा छातीतून असा एक घुमणारा आवाज काढतो, हे काकांनीच मला शिकवलं होतं. तो आवाज मोठा नसतो, पण जवळ असतो. डावीकडून येत होता. माझ्या बाजूने. वाटेवरून नाही, रानातून.

मी मान न हलवता डोळे फिरवले. एका पडलेल्या खोडामागून डोकं वर आलं. लाल, पांढरं, निळं. त्या भडक डोक्याखाली काळपट तांब्याच्या रंगाचं अंग, त्यावर ऊन पडलं की हिरवं व्हायचं, आणि छातीवरून लोंबणारी दाढी, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी. दाढी असली तरच मारायचा, हा नियम मला पाठ होता. खोडाला वळसा घालून तो मोकळ्यात आला, अर्धा पिसारा उघडला, पंखांची टोकं जमिनीवर घासत एक गिरकी घेतली आणि उभा राहिला. बंदुकीच्या टप्प्यात होता. मी तळहात सपाट ठेवला असता तर काकांनी पापणीही न हलवता तो बाजूने निघून जाईपर्यंत किंवा समोर येईपर्यंत वाट बघितली असती. त्यांना ते येत होतं.

माझा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. बोट उचललेलं होतं.

काकांनी तळवा वर केला. काय रे?

आणि मी गुडघ्यावर आडवी रेघ ओढली.

मला कुणी म्हणेल की दया आली असेल. शाकाहारी घरातला मुलगा, इतका देखणा पक्षी. मीही पुढे काही वर्षं स्वतःला तसंच सांगून बघितलं. पण दया मला आठवत नाही. मला आठवतो तो ट्रक, पहाटेचा अंधार, आणि हे सगळं पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल हा हिशेब. तो हिशेब मी बोट खाली येण्याच्या आत केला होता.

तरी अजून वेळ होता. नर गेला नव्हता. तो मान लांब करून उभा होता, इकडे तिकडे बघत, मादी कुठे आहे ते शोधत. तेवढ्यात काकांनी, काही नाहीये असं समजून, पुन्हा पाटी उचलली आणि काडी ओढली. तीन हाका, अगदी हलक्या. नर जागच्या जागी वळला. थेट आमच्याकडे. पिसारा पूर्ण उघडला, छातीतला तो घुमणारा आवाज पुन्हा माझ्या बरगड्यांना लागला, आणि तो चार-पाच पावलं पुढे आला. मेमधला शहाणा झालेला नर. काकांच्या हाकेला. दोनदा.

त्यांचा तळवा पुन्हा वर झाला.

मी पुन्हा रेघ ओढली.

थोड्या वेळाने काकांचा पाय आखडला असावा. त्यांनी टाच सरळ केली. वाळलेलं पान मोडलं. नराने "पट्" असा एक कोरडा आवाज काढला, पिसारा मिटला, आणि हिरव्यात गेला. काकांना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. ते उजवीकडे, मोकळ्या वाटेकडे बघत राहिले.

बारा वाजता त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि उठायला माझा हात धरला. परतीची वाट त्या पडलेल्या खोडावरून जात होती. खोडाजवळच्या मऊ मातीत पंखांच्या टोकांनी ओढलेल्या ओळी स्पष्ट उमटल्या होत्या, बाजूला तीन बोटांचे ठसे. काकांना जमीन वाचता यायची. मी पुढे झालो. "काका, इथे काटे आहेत, मी वाट करतो," असं हातवारे करत, पाय घासत त्या ओळींवरून चालत गेलो. मागे वळून बघितलं तेव्हा तिथे नुसती उकरलेली माती होती.

आधीच्या रेघा एका क्षणात ओढल्या गेल्या असं तरी म्हणता येईल. हे मी विचार करून केलं.

ट्रकमध्ये बसल्यावर त्यांनी मशीन डाव्या कानात घातलं आणि किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"म्हणजे हात गेला," ते म्हणाले.

"काका, हंगाम संपत आलाय. मेमध्ये कठीणच."

"मेमध्ये कठीण नसतं. मेमध्ये ते एकटे असतात. कुणीही बरोबर हाक मारली तर येतात. मीच तुला सांगितलंय ना?" मग म्हणाले, "तू मला दोन वर्षं छान छान म्हणत आलास. चांगुलपणाने म्हणत होतास, मला माहितीय. पण मला आता ऐकू येत नाही ना, इंजिनिअर. पाटीवर काय निघतं ते देव जाणे."

मला वाटलं होतं ते पुढच्या वर्षीचं बोलतील. ते बोलले नाहीत.

हायवेला लागल्यावर मी मराठीत म्हणालो, "आला होता, काका. दोनदा वळला तो तुमच्या हाकेला."

त्यांनी माझे ओठ हललेले पाहिले असावेत. "काय?"

"काही नाही," मी इंग्रजीत ओरडलो. "पुढे गॅस भरायचा का?"

त्याला सांगणं म्हणता येत नाही. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की कुणाला सांगितलेलं नाही.

ते पुढच्या वर्षापर्यंत थांबले नाहीत. जूनमध्येच घरापुढे विकायची पाटी लागली. माझा हिशेब साफ चुकला होता. नर आला नाही तर ते आणखी एक वर्ष प्रयत्न करतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी त्यातून एवढंच घेतलं की आता इथे राहून करायचं काय. जुलैत मुलगी त्यांना न्यायला आली. पन्नाशीच्या आसपासची, वडिलांसारखीच लांब हातांची. जुनं सामान विकायला ड्राइव्हवेवर मांडलं होतं, त्यात त्या गोल पाट्याही होत्या, बुटाच्या खोक्यात. दुपारपर्यंत त्या कुणीतरी नेल्या. मी तिथे टेबल उचलायला उभा होतो. त्यातली एक मी घेतली नाही. मला तोंड नव्हतं.

निघताना काकांनी आमच्या मुलीकडे बघून कावळा काढला. ती तोवर मोठी झाली होती, तिला लाज वाटली. "बाय काका," म्हणाली, हळूच. त्यांना ऐकू आलं नाही. मग तीच पुढे होऊन त्यांना बिलगली.

नंतर मी अधूनमधून फोन करायचो. त्यांना फोनवर अजिबात ऐकू यायचं नाही. त्यांची मुलगी मधे उभी राहायची. मी सांगायचो, ती त्यांच्या कानात ओरडायची, ते काहीतरी म्हणायचे, ती मला सांगायची. "पप्पा विचारतात, इकडे आलास तर बसायला जागा आहे, पण झाडच नाही, टेकायचं कशाला?" आम्ही तिघंही हसायचो. अशा फोनवर, मधे तिला उभं करून, मी ते काय सांगणार होतो? पत्र लिहिता आलं असतं. विमानात बसून जाताही आलं असतं. पुढच्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला मित्राकडे गेलो होतो, थोडी वाट वाकडी केली असती की झालं. मी केली नाही.

दोन हजार आठच्या सुरुवातीला तिचाच फोन आला. काका झोपेत गेले होते. मी जे बोलायचं ते बोललो. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "एक विचारू? पप्पा शेवटच्या वर्षी खूपदा म्हणायचे की पक्षी त्यांच्याकडे यायचे बंद झाले. आई वारली तेव्हासुद्धा ते इतके खचले नव्हते. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही तिथे होता. खरंच असं झालं होतं का?"

मी किचनमध्ये उभा होतो. बायको टेबलाशी बसून मुलीचा गृहपाठ बघत होती. मी म्हणालो, "हंगामाचा शेवट असा असतो. सांगता येत नाही."

"हं," ती म्हणाली. "थँक यू. तुम्ही त्यांच्याबरोबर जायचात, त्याचा आम्हाला फार आधार होता."

बायकोने वर बघून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "समोरचे काका गेले." ती उठून माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. तिला मी तेवढंच सांगितलं.

काकांचं देणं आता फिटण्यासारखं नाही. त्यांच्या मुलीचं मात्र आहे. तिने सरळ विचारलं होतं आणि मी तिलाही खोटं सांगितलं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिला फोन करून सांगायचं राहिलंय, की तुझ्या वडिलांचा हात शेवटपर्यंत शाबूत होता, त्यांच्या हाकेला नर आला होता, आणि ते त्यांना कळू दिलं नाही ते मी.